हातात धरून लाकडात खाचा पाडायच्या राउटर यंत्राची जोडणी सोपी करायची तर डिझाइनमध्ये आधी काय बदलावं?

आधी स्क्रू मोजा. रबाळे एमआयडीसीत माझं पॉवर टूल रिपेअरचं काम आहे. एका राउटरमध्ये मला 3 लांबीचे स्क्रू सापडले, दिसायला जवळपास सारखे. लांब स्क्रू चुकून आखूड जागी गेला की प्लास्टिकचा बॉस, म्हणजे स्क्रू बसतो ती नळी, फुटलाच म्हणून समजा. सगळीकडे एकच लांबी, एकच टॉर्क्स (चांदणीच्या खाचेचं) डोकं ठेवा. निम्मी कटकट तिथेच संपते.

दुसरं, बॉडी उभी चिरून दोन भागांत करा. एक भाग टेबलावर आडवा ठेवायचा, आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) बेअरिंगसकट फील्डमध्ये (भोवतालच्या स्थिर भागात) सरकवून दोन्ही एकत्र वरून बसवायचे, मग स्विच, वायर. वायरला खाच हवीच, नाहीतर झाकण लावताना ती चिमटते आणि एक हात नुसता वायर दाबण्यात अडकतो. मात्र बेअरिंगची जागा ढिली राहिली तर कोलेट, म्हणजे बिट धरणारी पकड, डगमगणार, कापणारं बिट लाकडावर लाटा काढणार. म्हणून पुढच्या बेअरिंगला अॅल्युमिनियमचं वेगळं घर द्या, तिथे पैसे वाचवू नका.

कार्बन ब्रशला, म्हणजे आर्मेचरला वीज पोचवणाऱ्या, झिजणाऱ्या तुकड्यांना, बाहेरून टोपी द्या. ते बदलण्यासाठी अख्खी बॉडी उघडायला लावणाऱ्याला एकदा माझ्या टेबलावर बसवायला हवं!