खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमची होडी: वाचकांचे प्रश्न

ॲल्युमिनियमच्या होडीबद्दल बरेच प्रश्न साठले आहेत. कोकणच्या बंदरांवर आज छोटी होडी म्हटली की फायबरचीच दिसते, त्यामुळे या धातूचा अनुभव फार थोड्यांना आहे आणि ऐकीव माहिती मात्र भरपूर. या वेळी इंजिन बंद करून, होडी वाऱ्यावर नि पाण्याच्या ओढीवर सोडून गरवणाऱ्यांचे, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्यांचे, प्रश्न घेतले आहेत. वाहत्या जाळ्यांची मासेमारी हा वेगळा विषय आहे.

देवगडहून एक वाचक विचारतात: आमची फायबरची होडी आता दुरुस्तीपलीकडे गेली आहे. भाऊ 16 फुटी ॲल्युमिनियमची घे म्हणतो. बंदरावर मात्र सगळे सांगतात की खारं पाणी तिला वर्षभरात खाऊन टाकेल. घरातलं ॲल्युमिनियमचं पातेलं कसं होतं ते आम्ही बघतोच. घ्यावी की नको?

घ्या, पण पत्रा कोणता आहे ते आधी विचारा. पातेल्याचा पत्रा जवळजवळ शुद्ध आणि मऊ असतो. होडीच्या पत्र्यात मॅग्नेशियम मिसळलेलं असतं आणि त्या जातींना 5052, 5083, 5086 असे क्रमांक आहेत. आतल्या फासळ्या आणि पाइप 6061 किंवा 6082 चे चालतात. तांबं असलेल्या 2024 आणि 7075 या जाती फार मजबूत असतात, पण समुद्रात टिकत नाहीत. विकणारा नुसतं ‘मरीन ग्रेड’ म्हणाला तर तेवढ्यावर थांबू नका, पत्र्याचं मिल टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे त्यात काय मिसळलंय याचा कारखान्याचा दाखला, मागा. ते नसेल तर ती होडी सोडून द्या, किंमत कितीही कमी असली तरी.

या धातूवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे अतिशय पातळ, कडक थर धरतो. पुळणीवर ओढताना ओरखडा गेला तर तिथे तो क्षणात पुन्हा तयार होतो. म्हणूनच चांगल्या होडीचं उघडं अंग रंगाशिवाय वर्षानुवर्षं राहतं. नुसत्या खाऱ्या पाण्याने ती मरत नाही. ती मरते दुसऱ्या धातूच्या संगतीने, विजेच्या गळतीने आणि जिथे ओल कोंडून राहते, हवा पोचत नाही अशा फटीत. खालच्या बहुतेक उत्तरांत हेच पुन्हा येईल.

16 फुटांच्या होडीला तळाला 4 मिमी आणि बाजूंना 3 मिमी पत्रा असावा, जोड वेल्डिंगचे असावेत. तळ सपाट नको. सपाट तळ खाडीत छान, पण दुपारी लाटा उठल्या की समुद्रात तो आपटतो आणि माणसाची कंबर धरते. पुढे खोल धार असलेला व्ही आकाराचा तळ घ्या.

हर्णैहून एक वाचक: माझी होडी दोनच हंगाम वापरली आहे. तळात आतल्या बाजूने पांढरे फोड आलेत, ते खरवडले की खाली सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. एका ठिकाणी पाणी झिरपतंय. होडी खाडीत नांगरावर असते. पत्रा खराब निघाला का?

पत्र्याला दोष देण्याआधी तळात हात घालून बघा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत खड्ड्यांच्या बाजूलाच शिसं पडलेलं दिसतंय. गळाची शिशाची वजनं, एखादं नाणं, वायरीचा तांब्याचा तुकडा, पितळी बूच, हे सगळं ॲल्युमिनियमच्या दृष्टीने वरच्या दर्जाचे धातू. खाऱ्या ओलीत दोन वेगळे धातू टेकले की बॅटरीसारखा प्रवाह सुरू होतो आणि त्यात खालच्या दर्जाचा धातू झिजतो. इथे तो म्हणजे तुमचा तळ. पांढरी पूड ही ॲल्युमिनियमचीच राख समजा. एक वजन फळीखाली सरकून हंगामभर तिथेच राहिलं, तरी त्याच्या भोवती असे खड्डे पडतात. वजनं प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवायची आणि होडी बंदराला लागली की डबा घरी न्यायचा.

मग स्टीलचे बोल्ट बघा. स्टेनलेस टाळता येत नाही, पण प्रत्येक बोल्टखाली नायलॉनचा वॉशर हवा आणि आट्यांना इन्सुलेट करणारी पेस्ट हवी. साधं ग्रीस धुपून जातं. साधं लोखंड तर नकोच. पत्रा घासायला लोखंडी ब्रश वापरू नका, त्याचे कण पत्र्यात रुततात आणि तिथून पुन्हा झीज सुरू होते. स्टेनलेसचा नवा ब्रश घ्या आणि तो फक्त होडीसाठी राखून ठेवा.

वीज सर्वांत घातक. संगतीने होणारी झीज महिन्यांत दिसते, विजेची गळती तेच काम काही दिवसांत करते. पंपाच्या वायरीचा जोड तळातल्या पाण्यात लोळत असेल तर आधी तो वर उचला आणि आत गोंद असलेल्या, तापवली की आवळणाऱ्या हीट-श्रिंक नळीने बंद करा. प्रत्येक दिव्याला, पंपाला, रेडिओला दोन वायरी असाव्यात. गाडीत परतीचा प्रवाह सांगाड्यातून जातो, तसा होडीच्या अंगातून जाऊ देऊ नका. तपासणी सोपी आहे. इंजिनाच्या केबली बॅटरीवरून काढा, बाकीची सगळी बटणं चालू करा, मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून एक टोक होडीच्या उघड्या पत्र्याला आणि दुसरं आधी बॅटरीच्या धन, मग ऋण टोकाला लावा. दोन्हीकडे शून्य यायला हवं. आकडा आला तर एकेक बटण बंद करत जा. ज्या बटणाला आकडा शून्यावर येईल त्याची वायर दोषी. सगळी बटणं बंद करूनही आकडा राहिला तर दोष बटणांच्या आधीच्या वायरीत आहे.

बाहेरून तळाला रंग लावला आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच रंगांत तांब्याचा ऑक्साइड असतो. फायबरच्या होडीला तो चालतो, तुमच्या होडीला अजिबात नाही. तसा असेल तर काढून टाका, इपॉक्सी प्रायमर द्या आणि वर तांबं नसलेला रंग.

होडी नांगरावर राहते म्हणून तळाला ॲनोड हवाच, म्हणजे होडीच्या आधी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा. समुद्रात जस्ताचा चालतो. पण तुमची होडी खाडीत असते आणि पावसाळ्याच्या सुमारास तिथलं पाणी गोडं होतं. तशा पाण्यात जस्तावर थर बसून तो काम करेनासा होतो. त्यासाठी ॲल्युमिनियम मिश्रधातूचा ॲनोड घ्या. मॅग्नेशियमचा गोड्या पाण्यासाठी असतो, तो समुद्रात वापरू नका. ॲनोडला रंग लावायचा नाही, तो उघड्या पत्र्याला घट्ट टेकलेला हवा आणि अर्धा झिजला की बदलायचा. झिजतोय म्हणून चिडू नका, तेच त्याचं काम आहे.

झिरपणारी जागा घासून, कोरडी करून 5356 च्या तारेने आर्गन वायूवर वेल्ड करून घ्या. बाकी उथळ खड्ड्यांना मरीन इपॉक्सी पुरेल. पण कारण शोधल्याशिवाय वेल्डिंगवाल्याकडे गेलात तर पुढच्या वर्षी शेजारची जागा गळेल.

मालवणहून एक तरुण वाचक: खडकावर तांबोशी आणि गोब्रा या माशांसाठी गरवतो. फायबरच्या होडीवर शिसं तळाला टेकायचं. ॲल्युमिनियमची घेतल्यापासून होडी इतकी पळते की तंगूस (गळाची दोरी) तिरपा होऊन वर येतो. जड शिसं लावलं तर चावा कळत नाही. काय करावं?

हा प्रश्न आला याचा मला आनंद झाला, कारण होडी गंजेल का हे सगळे विचारतात, ती वाहते कशी हे कुणी विचारत नाही. हलकी होडी पाण्यात कमी बसते आणि तिच्या उंच बाजू वारा धरतात. पाण्याची ओढ दोन्ही होड्यांना सारखीच, पण वाऱ्याचं ऐकते ती हलकी होडी. तळच्या माशासाठी होडी अर्धा ते एक नॉट (ताशी सागरी मैल) वेगाने वाहायला हवी. दोन नॉटला शिसं तळ सोडतं. तुमच्या जीपीएसवर वेग दिसतो, अंदाज करत बसू नका.

शिसं वाढवू नका, होडीला पाण्यात धरून ठेवा. त्यासाठी ड्रिफ्ट सॉक वापरतात. हा कापडी नरसाळ्यासारखा असतो, तोंड मोठं आणि शेपटीला लहान भोक. 16 फुटी होडीला तोंडाचा व्यास साधारण 3 फूट पुरतो. वाऱ्याकडच्या बाजूला, होडीच्या मध्याजवळ बांधलात तर होडी आडवी राहून सावकाश सरकते आणि दोघातिघांना एकाच बाजूने गळ सोडता येतो. दोर मध्यापासून पुढेमागे सरकवला की होडीचा कोन बदलतो, थोडं करून बघा. वारा वाढून लाटा आडव्या येऊ लागल्या तर दोर लगेच पुढच्या टोकाला न्या, म्हणजे तोंड लाटेला राहील. मागच्या बाजूला कधीच बांधू नका. तिथे इंजिनाच्या वजनाने होडी आधीच खाली असते आणि लाट थेट आत येते. शेपटीला एक बारीक दोरी ठेवा, ती ओढली की नरसाळं उलटून रिकामं होतं. नाहीतर भरलेलं ओढताना खांदा जातो.

गळ वाऱ्याकडच्या बाजूने टाका. होडी गळापासून दूर जाते, तंगूस होडीखाली जाऊन तिच्या तळाला घासत नाही. दुसऱ्या बाजूने टाकणाऱ्याचा तंगूस होडीखाली जाणारच.

वेळ निवडणं हा अर्धा उपाय. पहाटे मतलई वारा मंद असतो, तेव्हा होडी जवळजवळ पाण्याच्या ओढीनेच चालते. दुपारी खारा वारा भरला की, विशेषतः फेब्रुवारीनंतर, हलक्या होडीने खडकावर नीट गरवणं अवघड होतं. भांगाच्या दिवसांत ओढ कमी, उधाणाला जास्त. भरती-सुकती फिरण्याच्या आधीचा आणि नंतरचा थोडा वेळ सर्वांत सोयीचा. वारा आणि ओढ विरुद्ध असतील तर होडी जवळपास जागीच राहते, पण पाणी खवळतं. तेव्हा सांभाळा.

खडकावरून वाहून पुढे गेलात की इंजिन लावून सरळ उलट येऊ नका. मोठा फेरा घेऊन परत वाऱ्याच्या बाजूला जा. ॲल्युमिनियमचा तळ लाटेला वाजतो, उथळ पाण्यात त्या आवाजाने मासा बिथरतो. आत ईव्हीएची (मऊ, रबरासारख्या फोमची) जाड चटई टाकली तर बराच फरक पडतो, उन्हात पायही भाजत नाहीत. फक्त ती चिकटवून टाकू नका, उचलून वाळवता आली पाहिजे. देवळाचा कळस आणि मागचा डोंगर एका रेषेत धरून जागा ओळखायची जुनी खूणही सोडू नका. जीपीएस बंद पडतो.

मालवणचे आहात म्हणून एक सांगतो. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या परिसरात 1987 साली जाहीर झालेलं सागरी अभयारण्य आहे. त्याच्या गाभ्याच्या हद्दी नीट समजून घ्या आणि तिथल्या खडकावर गळ टाकू नका. तो खडक राहिला तरच बाहेरच्या खडकावर मासा येणार आहे.

रत्नागिरीहून: फिश फाइंडरचा ट्रान्सड्युसर (मासा शोधायला पाण्यात आवाजाची लहर सोडणारा भाग) आतून चिकटवला तर चालेल का?

फायबरमध्ये चालतं, ॲल्युमिनियममधून आवाजाची लहर नीट जात नाही. मागच्या पाटाला बाहेरून लावा, प्लॅस्टिकचाच घ्या, ब्राँझचा नको. आधी एक जाड प्लॅस्टिकची फळी बसवून त्यावर लावा, म्हणजे जागा बदलताना पत्र्याला नवी भोकं पडणार नाहीत.

श्रीवर्धनहून: रिव्हेटची जुनी होडी स्वस्तात मिळतेय. थोडी गळते म्हणतात. घ्यावी का?

शांत खाडीत गरवणार असाल तर घ्या. समुद्रात रोज लाटा खायच्या असतील तर नको, रिव्हेट पुन्हा पुन्हा सैल होतात. बघायला जाल तेव्हा होडी कण्याखाली ठिकठिकाणी नीट टेकवून आत टाचभर पाणी भरा. जास्त नको, पाण्याच्या वजनानेच पत्रा वाकेल. खाली वाकून बघत राहा आणि थेंब दिसेल त्या रिव्हेटला खडूने गोल करा. दहाबारा गोल आले तर ते रिव्हेट ठोकून घट्ट करता येतात, एकाने बाहेरून हातोडा आणि दुसऱ्याने आतून जड लोखंड धरायचं. फासळ्यांजवळ पत्र्यालाच चीर दिसली तर मात्र तिथून निघा.

वेंगुर्ल्याहून एक ताई: मिस्टर आणि मुलगा दोघंही हलक्या होडीने जातात. उलटली तर ती तरंगते का? मला झोप लागत नाही.

ताई, तुमची काळजी रास्त आहे. ॲल्युमिनियम पाण्याच्या 2.7 पट जड आहे. आत पाणी भरलं तर नुसता पत्रा बुडतो. बसायच्या फळ्यांखाली बंद पेशींचा, म्हणजे पाणी न पिणारा, फोम भरलेला असेल तर पाणी भरलेली होडीही वर राहते आणि माणसाला तिला धरून राहता येतं. फोम आहे का, हे फळी उघडून बघायला सांगा. थर्माकोल भरलेला असेल तर बदला, पेट्रोल सांडलं की तो विरघळतो. फोम पाणी प्यायलेला असेल तरी बदला, एक तर तो तारत नाही, शिवाय ओल धरून पत्राही खातो.

लाइफ जॅकेट होडीत ठेवायचं नाही, अंगात घालायचं. इंजिन बंद ठेवून वाहणाऱ्या होडीला इंजिन लगेच सुरू होईलच असं धरून चालत नाही, म्हणून नांगर आणि खोलीच्या पाच ते सात पट दोर जवळ हवा. खाडीच्या मुखाशी सुकतीचं पाणी बाहेर पडत असताना समोरून वारा असेल तर वाळूच्या पट्टीवर उभ्या लाटा उठतात. हलक्या होडीने तिथून येऊ नये, भरती लागेपर्यंत बाहेर थांबावं. निघण्याआधी इन्कॉइस या सरकारी संस्थेचा समुद्राचा अंदाज बघायला सांगा. कुठल्या खडकावर जातोय आणि किती वाजता परतणार हे तुम्हाला सांगून जाऊ देत. वेळ उलटली तर संकोच न करता तटरक्षक दलाच्या 1554 वर किंवा सागरी सुरक्षेच्या 1093 वर फोन करा. होडीत व्हीएचएफ रेडिओ असेल तर वाहिनी 16.

अलिबागहून: पावसाळ्यात होडी कशी ठेवायची?

1 जून ते 31 जुलै इंजिनाच्या नौकांना मासेमारी बंद, तेव्हा ठेवायचीच आहे. गोड्या पाण्याने सगळी धुवा, फासळ्यांच्या मागचे कोपरे विसरू नका. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर त्याचा उपयोग नाही. चटई, दोर, वजनं, बॅटरी बाहेर काढा. होडी लाकडी ओंडक्यांवर उपडी घाला. नव्या सिमेंटच्या कोब्यावर टेकवू नका, ओल्या सिमेंटचा क्षार ॲल्युमिनियम खातो. वाळवीसाठी तांब्याचं औषध मारलेलं लाकूडही नको. उपडी घालायला जागा नसेल तर मागचं बूच काढून तोंड थोडं वर ठेवा आणि प्लॅस्टिक घट्ट गुंडाळू नका, खालून वारा खेळू द्या. पावसात अधूनमधून जाऊन भोकात पालापाचोळा अडकला नाही ना ते बघा. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात घालण्याआधी बूच परत लावा, आणि ते पितळी असेल तर या वर्षी नायलॉनचं घ्या.