वेबसाइट ब्लॉक करून फसवणूक थांबेल का?

प्रश्न : माझे बाबा निवृत्त शिक्षक, मानेवाड्यात राहतात. 'बिल थकलंय, रात्री साडेनऊला वीज कापू' असा मेसेज आला. त्यातल्या नंबरवर त्यांनी फोन लावला. समोरच्याने लिंक पाठवून दहा रुपये भरायला सांगितले. बाबांनी कार्डाचा नंबर टाकला, ओटीपी टाकला आणि पंधरा मिनिटांत ४८ हजार गेले. दोन दिवसांनी मी तीच लिंक उघडून पाहिली, तर पान गायब. सरकार असल्या साइट सरसकट ब्लॉक का करत नाही?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, सीताबर्डीत एका इंटरनेट पुरवठादाराकडे मी अठरा वर्षं नेटवर्क सांभाळलं. ब्लॉक करायच्या साइटच्या याद्या माझ्याच टेबलावर यायच्या. मी काय करायचो? ग्राहकाच्या फोनने त्या साइटचा पत्ता विचारला, की आमच्या सर्व्हरने तो द्यायचा नाही, एवढंच. साइट जिथल्या तिथे चालूच. डीएनएस, म्हणजे पत्ता सांगणारा सर्व्हर, बदलला किंवा व्हीपीएन, म्हणजे दुसऱ्याच सर्व्हरमार्गे जाणारी आडवाट, लावलं की पुन्हा दिसते. कॉलेजची पोरं दोन मिनिटांत करायची.

आणि तुमच्या बाबांना लुटणारं पान तर दोन दिवसांत आपणहून नाहीसं झालं. साइटसाठी नवं नाव काही शे रुपयांत मिळतं. दिल्लीहून आदेश निघून माझ्या टेबलावर येईपर्यंत ब्लॉक करायला उरणार काय?

अडकतात ते भलतेच. डिसेंबर २०१४ मध्ये दहशतवादी मजकुराच्या कारणावरून ३२ साइट बंद करण्याचा आदेश आला. त्यात प्रोग्रॅमर कोड ठेवतात ते गिटहब होतं, व्हिडिओंचं व्हिमिओ होतं, जुनी वेबपानं जपणारं इंटरनेट अर्काइव्हसुद्धा होतं. पुढे काही उघडल्या, पण तोवर प्रोग्रॅमर मुलांची कामं खोळंबली ती खोळंबलीच. एकदा आम्ही साइटच्या नावाऐवजी तिच्या सर्व्हरचा आकडी पत्ता, म्हणजे आयपी पत्ता, बंद केला. त्याच सर्व्हरवर धरमपेठेतल्या एका डॉक्टरांचं अपॉइंटमेंटचं पान होतं. चार दिवस त्यांचे पेशंट हैराण, आणि कारण विचारायचं कुणाला हेच त्यांना कळेना. साइट ब्लॉक करायचा अधिकार देणाऱ्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खालचे आदेश गोपनीय ठेवावेत, असं २००९चे नियमच सांगतात. याचं मला आजही वाईट वाटतं.

लहान मुलांच्या शोषणाचा मजकूर मात्र ब्लॉक करावाच. चुकूनही कुणासमोर येऊ नये. पण तिथेसुद्धा खरं काम म्हणजे तो मूळ सर्व्हरवरून काढून टाकणं आणि माणूस पकडणं.

पैशांच्या फसवणुकीत धावायचं ते पैशांच्या मागे. रक्कम एका भाड्याच्या, म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या नावावरच्या, खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात, मग एटीएममधून बाहेर जाते. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर तक्रार साखळीतल्या बँकांना कळते आणि जिथे पैसे असतील तिथे रोखता येतात. यात तासांचा नाही, मिनिटांचा हिशेब असतो. ही भाड्याची खाती बंद करण्यावर जितका जोर लागेल तितका मला हवा आहे.

तुमच्या पत्रात तक्रारीचा उल्लेख नाही. केली नसेल तर उशीर झाला म्हणून सोडू नका. १९३० वर फोन करा, बँकेत लेखी अर्ज देऊन पोच घ्या, कार्ड बंद करा. खाते उताऱ्यावरचे व्यवहार क्रमांक, तो मेसेज आणि कॉलचा नंबर जपून ठेवा. बाबांना रागावू नका. लाजेपायी ते काही लपवत असतील, तर तेच आधी प्रेमाने काढून घ्या. कधी कधी त्या दिवशी फोनमध्ये एखादं ॲपही टाकायला लावलेलं असतं.