कलर सेपरेशनला गिंप पुरतं
फोटोशॉपचं महिन्याचं भाडं भरायची घाई करू नका. स्क्रीन प्रिंटिंगसाठी डिझाइनमधला एकेक रंग वेगळा काढायचा, म्हणजेच कलर सेपरेशन करायचं, तर तीन-चार सपाट रंगांच्या टी-शर्टला गिंप हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. फाइल ३०० डीपीआयची घ्या, मोड 'इंडेक्स्ड' करून हवे तेवढेच रंग ठेवा. डिदरिंग (ठिपके मिसळून मधल्या छटा भासवणं) बंद, नाहीतर कडांवर ठिपक्यांची रांगोळी! मग फाइल परत आरजीबीत आणा, 'सिलेक्ट बाय कलर'ने एकेक रंग उचला आणि वेगळ्या लेअरवर काळा भरा. शाई लाल असो की पिवळी, स्क्रीनवर डिझाइन उतरवायची पारदर्शक फिल्म काळ्यातच छापावी लागते.

काळ्या कापडावर खाली पांढरा थर हवाच. तो 'श्रिंक'ने एक-दोन पिक्सेल आत घ्या, म्हणजे रंगाबाहेर डोकावणार नाही. रजिस्ट्रेशन मार्क, म्हणजे रंग एकमेकांवर नेमके बसवायच्या खुणा, सगळ्या लेअरवर एकाच जागी. व्हेक्टर लोगो (पिक्सेलऐवजी रेषा-आकारांनी बनलेला) असेल तर सरळ इंकस्केप हे सॉफ्टवेअर वापरा. फोटोच्या हाफटोनला, म्हणजे छटा लहान-मोठ्या ठिपक्यांत मोडायला, गिंपमध्येच 'न्यूजप्रिंट' फिल्टर आहे, पण त्याच्या वाटेला आत्ताच जाऊ नका.