काउंटीच्या माफीवर विसंबून विमा निवडू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर शिकागोला येताय, पगार ९५ हजार डॉलर, बरोबर पत्नी आणि पाच वर्षांची मुलगी. कंपनीने विम्याचे दोन प्लॅन पुढे ठेवलेत. इथली कुक काउंटी (शिकागो ज्यात येतं तो जिल्हा) रहिवाशांची हॉस्पिटलची कर्जं माफ करते असं तुमच्या वाचनात आलं. मग कमी हप्त्याचा, मोठ्या डिडक्टिबलचा (विमा पैसे द्यायला लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम) प्लॅन घेऊन पैसे वाचवावेत का? आणि उन्हाळ्यात आई-वडील आले तर त्यांनाही या माफीचा उपयोग होईल का?

दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. मी शॉमबर्गला राहते आणि बरीच वर्षं हॉस्पिटल बिलिंगमध्ये काम करते. ही योजना मला मनापासून पटते, आणि ती व्हावी म्हणून झटलेल्या लोकांबद्दल मला आदर आहे. पण ती तुम्हाला वाटते तशी चालत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ती आहे काय ते. २०२२ मध्ये कुक काउंटीने कोविडकाळातल्या केंद्राच्या मदतनिधीतून १.२ कोटी डॉलर बाजूला काढले. त्यातून सुमारे १०० कोटी डॉलरची वैद्यकीय थकबाकी पुसायची असं उद्दिष्ट ठेवलं. काउंटी पातळीवर असं करणारी ही देशातली पहिली. तेव्हा बोर्डाच्या अध्यक्ष टोनी प्रेकविंकल होत्या. प्रत्यक्ष काम एका ना-नफा संस्थेकडे आहे. तिचं आधीचं नाव आरआयपी मेडिकल डेट, २०२४ पासून अनड्यू मेडिकल डेट. वसुलीच्या धंद्यात वर्षानुवर्षं काढलेल्या दोन माणसांनी ती २०१४ मध्ये सुरू केली, आणि त्या धंद्याची आतली गोष्टच त्यांनी कामाला लावली. हॉस्पिटलच्या जुन्या, वसूल न होणाऱ्या थकबाकीला बाजारात जवळजवळ किंमत नसते. डॉलरमागे एखाद्या सेंटने ती गठ्ठ्याने विकली जाते. वसुलीवाला गठ्ठा घेतो तो पाठपुरावा करायला, ही संस्था घेते ती पुसून टाकायला. त्यामुळे सवा कोटीपेक्षा कमी पैशांत १०० कोटींची भाषा करता येते. आपल्याकडच्या शेतकरी कर्जमाफीत सरकार बँकेला शेतकऱ्याच्या नावावरची रक्कम भरतं, म्हणून खजिन्यावर एवढा बोजा येतो. इथे तसं नाही.

दुसरा फरक तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. २०१७ च्या कर्जमाफीत आपल्या शेतकऱ्यांना ऑनलाइन अर्ज भरायला केंद्रांवर रांगा लावाव्या लागल्या होत्या. इथे अर्जच नाही. संस्था हॉस्पिटलकडून किंवा वसुली कंपनीकडून गठ्ठा घेते आणि त्यातली पात्र माणसं स्वतःच शोधते. ज्याचं नाव निघेल त्याच्या घरी पत्र जातं: तुमची अमुक हॉस्पिटलची अमुक रक्कम माफ झाली, आता काही देणं नाही. ती भेट समजली जाते, तिच्यावर कर बसत नाही. पण तुम्ही फोन करून ‘माझंही घ्या’ म्हणू शकत नाही. तुमचं हॉस्पिटल या व्यवहारात नसेल तर तुमचं बिल गठ्ठ्यात येणारच नाही. असेल तरी ते तिथे पोचेपर्यंत वसुलीचे फोन, पत्रं, सगळं होऊन गेलेलं असतं. असं पत्र पुढेमागे आलंच तर फसवणूक समजून कचऱ्यात टाकू नका. पुष्कळ लोक टाकतात, कारण फुकट काही मिळतंय यावर कुणाचा विश्वास बसत नाही. त्यात तुमच्याकडे पैसे किंवा बँकेचा नंबर मागितलेला नसतो, हीच खूण.

पात्रतेचा नियम मात्र मुद्दाम बघा, कारण आपले लोक इथेच चुकीचं गृहीत धरतात. घरचं उत्पन्न केंद्राच्या दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्क्यांपर्यंत, किंवा थकबाकी वार्षिक उत्पन्नाच्या ५ टक्के वा जास्त, यातलं एक पुरतं. तिघांच्या कुटुंबासाठी २०२५ ची रेषा २६,६५० डॉलर होती, तिची चौपट १,०६,६०० होते. म्हणजे पत्नीला कामाची परवानगी मिळेपर्यंत, ९५ हजारांवर, तुम्ही याच मर्यादेत बसता. ‘हे गरिबांसाठी, आपण आयटीवाले’ असं मनात असेल तर आत्ताच काढून टाका. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

घर कुठे घेताय तेही विचारात घ्या. मराठी माणसं नेपरव्हिलला खूप आहेत, शाळा चांगल्या म्हणून तुम्हीही तिथेच बघाल. नेपरव्हिल ड्यूपेज आणि विल काउंटीत येतं, कुकमध्ये नाही. शॉमबर्ग, पॅलटाइन, हॉफमन इस्टेट्स कुकमध्ये. काउंटीची योजना काउंटीच्या रहिवाशांची असते. इलिनॉय राज्यानेही २०२४ मध्ये याच कामासाठी १ कोटी डॉलर ठेवले, त्यामुळे हद्दीपलीकडचे अगदीच कोरडे राहिले नाहीत. पण केंद्राचा तो कोविड निधी २०२६ अखेरपर्यंतच खर्च करता येतो. पुढच्या तीन वर्षांचा विमा अशा गोष्टीवर बेतू नये.

दुसऱ्या शहरात बदली होण्याची शक्यता तुम्ही लिहिलीत म्हणून थोडं तिथलंही. न्यूयॉर्क शहराने २०२४ च्या जानेवारीत तीन वर्षांसाठी १.८ कोटी डॉलर जाहीर केले. ओहायोत टोलीडो आणि लुकास काउंटीने मिळून १६ लाख घातले. न्यू जर्सीने २०२४ मध्ये सुरुवात केली, आणि तिथे हॉस्पिटलांसाठी राज्याची स्वतंत्र चॅरिटी केअर (न परवडणाऱ्यांना मोफत किंवा सवलतीत उपचार) योजना जुनीच आहे. मला सगळ्यात पटतो तो नॉर्थ कॅरोलिनाचा मार्ग. त्यांनी थकबाकी विकत घेतली नाही. हॉस्पिटलांना सांगितलं की मेडिकेडचे (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य विम्याचे) वाढीव पैसे हवे असतील तर २०१४ पर्यंत मागे जाऊन गरजूंची जुनी थकबाकी सोडा, आणि यापुढे बिल फुगण्याआधीच सवलत द्या. राज्यातली सगळी ९९ हॉस्पिटलं तयार झाली. तिथल्या कॅरी-मॉरिसव्हिलला बदली झाली तर हे लक्षात ठेवा.

तो मार्ग का पटतो? २०२४ मध्ये अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने याच संस्थेबरोबर केलेला मोठा अभ्यास आला. ८३ हजारांहून जास्त लोकांची मिळून १६.९ कोटी डॉलरची थकबाकी माफ करून, माफी न मिळालेल्यांशी त्यांची तुलना केली. सरासरीने ना मनावरचा ताण कमी झाला, ना आर्थिक स्थितीत मोठा फरक पडला. काही जण यावरून योजना निरुपयोगी ठरवतात. मला तसं वाटत नाही. ज्याच्या दारचा तगादा थांबला त्याचा तो थांबलाच. पण बिलं पाहण्यात दिवस घालवणारी म्हणून मला यात आश्चर्यही वाटलं नाही. वर्षानुवर्षं जुनी थकबाकी पुसली जाते तोवर माणसाने औषधं टाळलेली असतात, नातेवाइकांकडून उसने घेतलेले असतात, कार्डावर खर्च ओढलेला असतो. मदत बिल आलं त्याच महिन्यात हवी.

आणि त्या महिन्यातली मदत इथे आहे, ती मागावी मात्र लागते. ना-नफा म्हणून करसवलत घेणाऱ्या प्रत्येक हॉस्पिटलला केंद्राच्या कायद्याने आर्थिक साहाय्याचं लेखी धोरण ठेवावंच लागतं. आपल्याकडे धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, साधारण त्याच विचारातून आलेलं हे. डिस्चार्जनंतरचं पहिलं बिल आल्यापासून २४० दिवस अर्ज करता येतो. पहिले १२० दिवस हॉस्पिटलला कोर्टात जाणं किंवा क्रेडिट ब्यूरोला (लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीला) कळवणं यांसारखी कडक पावलं उचलता येत नाहीत. विमा असूनही तुमच्या वाट्याला आलेल्या रकमेवर बऱ्याच ठिकाणी सवलत मिळते. मर्यादा प्रत्येक हॉस्पिटलची वेगळी: कुठे दारिद्र्यरेषेच्या २०० टक्क्यांपर्यंत पूर्ण माफी, त्यापुढे टप्प्याटप्प्याने कमी होत ३०० किंवा ४०० पर्यंत.

ओळखीतल्या एका जोडप्याबरोबर बसून मी हा अर्ज भरला होता. बाळंतपण अवघड गेलं, त्यात नवऱ्याची नोकरी सुटलेली. बिलं तारखेनुसार पिना लावून ठेवलेली, प्रत्येकावर पेन्सिलने ‘फोन केला’ असं लिहिलेलं. अर्ज चार पानांचा. शेवटच्या दोन पगारपावत्या, मागच्या वर्षीचं टॅक्स रिटर्न, बँकेचं स्टेटमेंट, घरभाड्याचा करार, आणि नोकरी गेल्याचं पत्र. नवरा सही करायला तयार होईना. ‘आपण कुणाकडे हात पसरलेला नाही आजवर,’ एवढंच तो म्हणत होता. शेवटी बायकोने पेन उचललं. साडेअकरा हजारांतले तीन हजार उरले, तेही बिनव्याजी हप्त्याने. हे हात पसरणं नव्हे. हॉस्पिटल करसवलत घेतं ती याच अटीवर. तिथे अर्ज न करणाऱ्या सुशिक्षित, अभिमानी माणसांची बिलं वसुलीला जाताना मी रोज बघते आणि मला फार वाईट वाटतं.

अर्ज करताना दोन गोष्टी सांभाळा. एक, तपशीलवार बिल मागा, प्रत्येक सेवा कोडसकट. विमा कंपनीच्या हिशेबपत्राशी ते ओळीने ओळ जुळवा. दोन, भूलतज्ज्ञ, रेडिऑलॉजिस्ट, इमर्जन्सीचे डॉक्टर पुष्कळदा वेगळं बिल पाठवतात आणि हॉस्पिटलचं धोरण त्यांना लागू असतंच असं नाही. धोरणाबरोबर अशा डॉक्टरांची यादी ठेवणं हॉस्पिटलला बंधनकारक आहे, ती मागा.

आणि कृपा करून घाबरून क्रेडिट कार्ड स्वाइप करू नका. काउंटरवर दवाखान्यांसाठीचं खास कार्ड पुढे करतील, तेही नको. ज्या क्षणी तुम्ही कार्डाने भरता त्या क्षणी ते हॉस्पिटलचं देणं राहत नाही, बँकेचं व्याजी कर्ज होतं. मग हॉस्पिटलची सवलत मागायला ते बिल थकीत उरत नाही, आणि काउंटीच्या गठ्ठ्यातही ते कधी येत नाही. नवीन माणसाला क्रेडिट स्कोअरची धास्ती असते म्हणून तो हे करतो. तिन्ही ब्यूरो २०२२ पासून वैद्यकीय थकबाकी वर्षभर अहवालात घेत नाहीत, आणि ५०० डॉलरखालची २०२३ पासून अजिबात नाही. केंद्राने २०२५ मध्ये सरसकट बंदीचा नियम केला होता, तो त्याच वर्षी कोर्टात रद्द झाला. पण इलिनॉय राज्याने २०२४ मध्ये स्वतःचा कायदा केला आहे. थोडक्यात, श्वास घ्यायला वेळ आहे.

आता विमा. प्लॅन तुलना करताना हप्ता सोडून एकच आकडा आधी शोधा: वर्षात तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाऊ शकतं. २०२५ मध्ये कायद्याने ही कमाल मर्यादा एकट्यासाठी ९,२०० आणि कुटुंबासाठी १८,४०० डॉलर होती. मोठ्या डिडक्टिबलचा प्लॅन वाईटच असतो असं नाही. त्याबरोबर आरोग्य बचत खातं मिळतं आणि कंपनी त्यात पैसे घालत असेल तर दोन-तीन वर्षांनी तो फायद्याचा ठरतो. पण पहिल्या वर्षी तुमच्याकडे इथली शिल्लक नसेल. पाच वर्षांचं मूल पहिल्या हिवाळ्यात आजारी पडतंच, एखादी रात्र इमर्जन्सीत जाते. कमी डिडक्टिबलचा प्लॅन घ्या, पुढच्या वर्षी बदला. नाव नोंदवायला रुजू झाल्यापासून साधारण ३० दिवस मिळतात, ते चुकवू नका. नोकरी गेली तर वीस किंवा जास्त माणसांच्या कंपनीत कोब्रा नावाच्या केंद्राच्या कायद्याखाली तोच विमा स्वखर्चाने चालू ठेवता येतो. निर्णयाला ६० दिवस असतात आणि विमा मागच्या तारखेपासून लागू होतो. महाग असतो, पण त्या ६० दिवसांत काही झालंच तर तोच आधार.

आई-वडिलांचं. ते पर्यटक व्हिसावर येणार, म्हणजे रहिवासी नाहीत, त्यामुळे काउंटीची आणि राज्याची माफी त्यांच्यासाठी नाही. त्यांचा विमा भारतातून निघण्यापूर्वी घ्या, आणि ठरावीक रकमेचा नको. त्यात शस्त्रक्रियेला इतके, खाटेला इतके असे आकडे बांधलेले असतात आणि इथल्या बिलापुढे ते कुठल्या कुठे राहतात. ठरलेल्या हॉस्पिटलांचं नेटवर्क असलेला सर्वसमावेशक घ्या. वडिलांना मधुमेह आहे असं लिहिलंत, तर जुन्या आजाराच्या अचानक उद्भवलेल्या त्रासाचं कलम किती वयापर्यंत आणि किती रकमेपर्यंत आहे ते पॉलिसीत स्वतः वाचा. एजंटाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. औषधं पूर्ण मुक्कामाची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणा.

दोन्ही प्लॅनची फायद्यांची सारांशपत्रं कंपनीकडून मागवा आणि चार आकडे इथे टाका: महिन्याचा हप्ता, डिडक्टिबल, खिशातून जाणारी कमाल रक्कम, आणि इमर्जन्सीत गेल्यावर तुम्ही भरायचा वाटा. घर कुठल्या गावात बघताय तेही लिहा, म्हणजे जवळची हॉस्पिटलं नेटवर्कमध्ये आहेत का हे मी बघून सांगते.