बागेचे प्रश्न : मिल्कवीड उगवत का नाही?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मोनार्क फुलपाखरांच्या अळ्या मिल्कवीड या चिकाच्या झाडाची पानं खातात, म्हणून इथल्या देशी मिल्कवीडच्या बियांची दोन पाकिटं आणून मे महिन्यात वाफ्यात पेरली. रोज पाणी घातलं, पण रोपं आली चारच. बी जुनं होतं का?
– एक वाचक, एडिसन

उत्तर : बी बहुधा चांगलंच असावं, त्याला थंडी मिळाली नाही. हे बी शेंग तडकून शरदात उडतं. तेव्हाच रुजलं तर कोवळं रोप हिमात जाईल, म्हणून ओल्या गारठ्यात काही आठवडे काढल्याशिवाय ते सहसा उगवत नाही.

सगळ्यांत कमी खटपटीचा उपाय म्हणजे नोव्हेंबरअखेर पेरणं. गवत काढून माती उघडी करा, बी टाकून तळव्यानं दाबा आणि वर पाव इंचच माती भुरभुरा. पुढचं काम हिवाळा करतो.

ते चुकलं तर फेब्रुवारीत फ्रीज वापरा. मूठभर स्वच्छ वाळू ओली करा; मुठीत दाबली तर पाणी ठिबकता कामा नये. तीत बी मिसळून झिपलॉक पिशवीत भरा, तारीख लिहा आणि किमान 30 दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नको. आठवड्याला एकदा बघा. पाणी जास्त झालं की बुरशी धरते. तसं दिसलं तर बी धुऊन वाळू बदला. नंतर खोल कुंड्यांत पेरून उबदार, उजेडाच्या जागी ठेवा. हिमाचा धोका टळला की रोपं बाहेर लावा.

जात जागा बघून निवडा. ओलसर, चिकण जमिनीत स्वॅम्प मिल्कवीड. निचऱ्याच्या, कोरड्या, भरपूर उन्हाच्या जागी नारिंगी फुलांचं बटरफ्लाय वीड. याचं सोटमूळ खोल जातं, त्यामुळे मोठं रोप उपटून हलवू नका. वसंतात ते उशिरा डोकं वर काढतं. मेलं समजून लोक तिथं कुदळ घालतात, म्हणून जागेवर काठी रोवा. कॉमन मिल्कवीड जमिनीखालून फुटवे काढत पसरतं. छोट्या वाफ्यात ते नकोच.

प्रश्न : शेंड्यांवर पिवळा मावा आलाय. कडुनिंबाचं तेल फवारू का?

उत्तर : नको. त्या फवाऱ्यात मोनार्कच्या अळ्याही सापडतील. पानांची खालची बाजू तपासा, अंडी-अळ्या नसलेल्या फांद्यांवर पाण्याची जोरदार धार सोडा. नर्सरीतून रोप घेताना ‘कीटकनाशक दिलंय का’ हे आधी विचारा. अंतर्प्रवाही औषध पानापानांत भिनतं आणि तेच पान खाऊन अळी मरते.

प्रश्न : पुण्यात गच्चीवर मिल्कवीड लावता येईल का?

उत्तर : आपलं देशी मिल्कवीड म्हणजे रुई, जिच्या बियांना मुलं ‘म्हातारी’ म्हणून फुंकतात तीच. बिबळ्या कडवा हे फुलपाखरू तिच्यावर अंडी घालतं. तिच्या बीला फ्रीज लागत नाही, पण झुडूप माणसाहून उंच होतं आणि मूळ खोल जातं. त्यामुळे गच्चीपेक्षा सोसायटीच्या आवारातला उन्हाचा कोपरा बरा. नर्सरीत मिळणारं लाल-पिवळं हळदीकुंकू कुंडीत छान येतं, फुलपाखरूही येतं, मात्र ते मूळचं अमेरिकेच्या उष्ण भागातलं. दोन्हींच्या छाटणीला हातमोजे आणि चष्मा हवाच. चीक डोळ्यात गेला तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा आणि डॉक्टरांकडे जा.