विचारा की! – आण्णांच्या जुन्या लॅपटॉपवर कुठलं लिनक्स टाकू?

प्रश्न : नमस्कार. माझे सासरे, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, शिक्षक होते, आता रिटायर आहेत. त्यांचा एक जुना लॅपटॉप आहे, आय-थ्री सेकंड जनरेशन, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. विंडोज १० आहे पण चालू करून चहा ठेवला आणि गाळून आणला तरी स्क्रीनवर गोल फिरतच असतं, आणि आता त्याचे अपडेट पण बंद झालेत म्हणे. विंडोज ११ यावर चढणार नाही असं रिपेअरवाल्यानं सांगितलं. भाचा म्हणतो विंडोजच्या जागी लिनक्स नावाची फुकटची सिस्टीम टाका, पण कुठलं म्हटलं की प्रत्येकजण वेगळंच नाव सांगतंय, एक म्हणतो उबुंटू, दुसरा लुबुंटू, तिसरा म्हणतो पपी कारण ते सगळ्यात हलकं. आण्णांना सकाळी ई-पेपर लागतो, यूट्यूबवर खासबागेतल्या जुन्या कुस्त्या बघायच्या असतात, आणि पेठेतल्या तालमींच्या आठवणी मराठीत टाइप करायच्या आहेत. त्यांना कॉम्प्युटरचं फार येत नाही, मलाही बेताचंच येतं. सगळ्यात हलकं कुठलं, आणि आम्हाला जमेल का?
– एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : ताई, जमेल, नक्की जमेल. नाव आधीच सांगून टाकतो: लिनक्स मिंट, आणि त्यातलं एक्सएफसीईवालं. मिंटच्या साइटवर सिनॅमन, मॅटे आणि एक्सएफसीई असे तीन प्रकार दिसतील, डोळे झाकून एक्सएफसीई घ्या.

आता का ते. तुम्ही सगळ्यात हलकं कुठलं असं विचारलंय, पण लॅपटॉप वापरणार आहेत आण्णा, त्यामुळं आधी त्यांना काय सोपं जाईल ते बघायचं आणि मग तेवढं मशीनला झेपतंय का ते तपासायचं. तुमच्या मशीनला मिंट एक्सएफसीई झेपतं. मिंटवाले स्वतः कमीत कमी २ जीबी रॅम मागतात आणि ४ जीबी असेल तर आरामात चालेल म्हणतात, म्हणजे तुम्ही काठावर पण नाही. मग त्याहून हलकं शोधत खाली खाली कशाला जायचं? पपी लिनक्स मला मनापासून आवडतं, २००३ मध्ये बॅरी कॉलर यांनी सुरू केलं, अख्खं रॅममध्ये जाऊन बसतं आणि एकदम मरगळलेल्या मशीनमध्ये पण जीव आणतं, पण त्याची सेव्ह करायची पद्धत वेगळी, प्रोग्रॅम टाकायची पद्धत वेगळी, आणि आण्णांनी लिहिलेलं एखादं पान बंद करताना सेव्ह झालं नाही तर ते पुन्हा त्या लॅपटॉपला हात लावणार नाहीत. नवीन माणसाचा पहिला आठवडा फार महत्त्वाचा असतो, तो नीट गेला की पुढं माणूस स्वतःच शिकतो.

नावांचा जो गोंधळ झालाय तो पण सोडवू. लिनक्समध्ये आतली सिस्टीम वेगळी आणि डोळ्यांना दिसतो तो डेस्कटॉप वेगळा, एकाच सिस्टीमवर वेगवेगळे डेस्कटॉप बसतात. उबुंटूवर ग्नोम येतो, दिसायला छान आहे पण ४ जीबी आणि जुनी हार्ड डिस्क म्हटल्यावर दम लागणार, शिवाय त्याची मांडणी विंडोजसारखी नाही. लुबुंटूवर एलएक्सक्यूटी येतो, तो खरंच हलका आहे. आणि एक्सएफसीई हा १९९६ पासून चालत आलेला डेस्कटॉप, ऑलिव्हिए फूर्दां यांनी सुरू केलेला, इतक्या वर्षांत कधी उगाच नटला नाही. मिंटमध्ये तो उघडला की खाली डावीकडं मेन्यू, उजव्या कोपऱ्यात घड्याळ आणि वायफाय, खिडकी बंद करायची फुली वर उजवीकडं, म्हणजे आण्णांचा हात जिथं जायची सवय आहे तिथंच सगळं सापडतं.

लुबुंटू आणि मिंट एक्सएफसीई यांच्यात रॅमचा फरक आहे, पण तो इतका थोडा की ब्राउझरमध्ये एक-दोन जड साइट उघडल्या की संपला. त्याउलट लुबुंटूच्या एलटीएसला, म्हणजे जास्त काळ अपडेट मिळणाऱ्या आवृत्तीला, तीनच वर्षं अपडेट मिळतात, २४.०४ चे एप्रिल २०२७ ला संपतील, आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत आहेत. आणखी एक, उबुंटूच्या घराण्यात फायरफॉक्स स्नॅप नावाच्या प्रकारात येतो, तो जुन्या हार्ड डिस्कवर पहिल्यांदा उघडायला चांगलाच वेळ खातो. मिंटमध्ये साधा फायरफॉक्स येतो.

पण ताई, मला तुम्हाला खरं सांगायचंय ते पुढंच आहे. नुसतं लिनक्स टाकून लॅपटॉप थोडा सुधारेल, पण तुमचा खरा अडथळा ती फिरती हार्ड डिस्क आहे. ती काढून तिथं २.५ इंची साटा एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा, १२० किंवा २४० जीबीची कुठलीही चालेल, मिंटला स्वतःला २० जीबी पुरतात. स्क्रू काढून बदलायचं काम आहे, कुठल्याही रिपेअरवाल्यासमोर उभं राहून करून घ्या, आणि जुनी डिस्क त्याच्याकडं सोडू नका, घरी घेऊन या, आण्णांचे फोटो आणि कागद तिच्यात आहेत. एक केसिंग, म्हणजे डिस्क ठेवायची डबी, आणली की तीच डिस्क बाहेरून यूएसबीनं लावता येते, बॅकअपला उपयोगी पडते. पैसे उरले तर रॅमची डीडीआर-थ्री ४ जीबीची आणखी एक पट्टी बघा, जुनी मिळाली तरी चालते, पण आधी एसएसडी, मग रॅम, क्रम उलटा करायचा नाही.

लॅपटॉप उघडलाच आहे तर आत ती नाण्यासारखी बॅटरी असते ती पण तपासायला सांगा, बहुतेक वेळा सीआर २०३२ असते. ती मेली की लॅपटॉप बंद केला की तारीख मागं जाते, आणि तारीख चुकीची असली की ब्राउझर बँकेची, पेपरची कुठलीच साइट उघडू देत नाही, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतो. माणसं मग लिनक्सलाच नावं ठेवतात.

कुस्त्यांचं सांगतो. तुमच्या आय-थ्रीमधल्या ग्राफिक्सला एच२६४ प्रकारचा व्हिडिओ स्वतःच्या ताकदीवर उलगडता येतो, पण यूट्यूब हल्ली व्हीपी९ किंवा एव्ही१ पाठवतं, त्यांची सोय त्या काळच्या चिपमध्ये नाही, मग सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि पंखा बोंबलायला लागतो. फायरफॉक्समध्ये एच२६४-इफाय नावाचं एक्स्टेन्शन टाका, ते यूट्यूबकडून जुन्या प्रकारचाच व्हिडिओ मागून घेतं. त्याच्या जोडीला जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन टाका, ई-पेपरच्या साइटवर इतक्या जाहिराती हलत असतात की निम्मी रॅम त्यातच जाते. आणि क्वालिटी ४८० वर ठेवा, जुन्या कुस्त्यांचं चित्रीकरण तसंही त्याच्यावर नसतंच.

मराठी टायपिंगबद्दल लोक घाबरवतात पण इथं लिनक्स चांगलंच आहे. सेटिंगमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउट, तिथं सिस्टीमचं डिफॉल्ट वापरा अशी खूण असते ती काढायची आणि इंडियनच्या यादीत जायचं. इंडियन नावाचा जो मुख्य लेआउट आहे तो म्हणजे आपलं इनस्क्रिप्ट, भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड, आणि त्याच यादीत मराठीचा, उच्चाराप्रमाणे कळा असलेला कगप फोनेटिक पण आहे. आण्णांना इंग्रजी अक्षरं मारून मराठी उमटवायची सवय असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस-एम१७एन टाका, त्यात मराठी आयट्रान्स मिळेल. लिहायला लिब्रेऑफिस आधीच असतं. फक्त त्यांची आधीची काही पानं श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर ती इथं इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतील, त्यात फाइल बिघडलेली नाही, ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडं चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, नाही एवढंच. विंडोज काढायच्या आधीच ती सगळी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये करून घ्या. हे काम मागं ठेवू नका ताई, आठवणी पुन्हा लिहायला लावणं वाईट.

आता टाकायचं कसं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, दुसऱ्या कॉम्प्युटरवर मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी सिस्टीम असलेली एकच फाइल, उतरवा, तीन जीबीच्या आसपास असते, म्हणून मोबाइलच्या डेटावर नको, आणि रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमनं ती पेनड्राइव्हवर लिहा, पेनड्राइव्हमधलं सगळं पुसलं जातं हे लक्षात ठेवा. मग लॅपटॉप चालू करताना डेल आणि लेनोव्होला एफ १२, एचपीला एफ ९ दाबत राहायचं, आणि यादीत पेनड्राइव्ह निवडायचा. मिंट थेट पेनड्राइव्हवरूनच चालू होईल, डिस्कला अजून हातही लागलेला नसतो. इथं घाई करू नका, आण्णांना समोर बसवा, वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, टचपॅड चालतंय का, एखादी कुस्ती लावून बघा. पेनड्राइव्हवरून थोडं सावकाश चालणार, त्यावरून वेगाचा अंदाज काढायचा नाही. काही जुन्या लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमचं वायफाय कार्ड असतं ते लगेच लागत नाही, तर मोबाइल यूएसबीनं जोडून टेदरिंग चालू करा, मोबाइलचंच नेट येईल, आणि टाकून झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजर उघडला की तो स्वतःच ड्रायव्हर सुचवतो.

सगळं पटलं की डेस्कटॉपवरचं इन्स्टॉलचं चित्र दाबा. व्हिडिओ आणि गाणी चालायला लागणाऱ्या मल्टिमीडिया कोडेक्सची खूण करा. सगळी डिस्क पुसून टाकू का असं विचारेल, नवी एसएसडी असेल तर बिनधास्त हो म्हणा, जुन्याच डिस्कवर टाकत असाल तर बॅकअप उघडून डोळ्यांनी बघितल्याशिवाय हो म्हणू नका. झालं की पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट चालू करून ठेवा, पुढं एखाद्या अपडेटनं काही बिघडलं तर सिस्टीम आदल्या दिवसावर नेता येते. आणि आण्णांसाठी खालच्या पट्टीवर तीनच चित्रं ठेवा, फायरफॉक्स, लिब्रेऑफिसचा रायटर आणि त्यांचा फोल्डर, अक्षरं मोठी करा. बाकी मेन्यूत काय काय आहे ते त्यांचं त्यांना सापडू दे.

प्रश्न : सर मी अकरावीला आहे, घरी मामाचा जुना छोटा नेटबुक पडलाय, इंटेल ॲटम आणि १ जीबी रॅम. मिंट टाकायला गेलो तर चालूच होईना. पायथन शिकायचंय, काही होईल का?
– एक विद्यार्थी, कागल

उत्तर : होईल, पण आधी त्याचा ॲटम कुठला ते बघ, खाली स्टिकरवर किंवा बायोसमध्ये, म्हणजे चालू करतानाच्या सेटिंगमध्ये, सापडेल. एन२७० असेल तर तो ३२ बिटच, म्हणजे जुन्या घडणीचा आहे आणि आताचं मिंट ६४ बिट मागतं, म्हणून चालू झालं नसणार. एन४५० असेल तर तो ६४ बिट आहे, तरी १ जीबीत मिंटचा नाद करू नकोस.

तुझ्यासाठी अँटिएक्स. डेबियन नावाच्या जुन्या लिनक्सवर बेतलेलं आहे, ३२ बिटचं मिळतं, आणि आइसडब्ल्यूएम नावाचा अगदी किरकोळ डेस्कटॉप वापरतं त्यामुळं अर्ध्या जीबीत पण उभं राहतं. आण्णांना मी हे सांगितलं नसतं, तुला सांगतोय, कारण तुला शिकायचंय आणि दोन-चार गोष्टी हातानं कराव्या लागल्या तर त्यातनं शिकशीलच. नॅनो किंवा जीनी एडिटर, टर्मिनल आणि पायथन, एवढं त्यावर मस्त चालेल, हळू पण वाटणार नाही.

वेबचं मात्र स्पष्ट सांगतो. क्रोमनं ३२ बिट लिनक्स २०१६ लाच सोडलं आणि फायरफॉक्सनंही १४४ नंतर ३२ बिट लिनक्ससाठी नवीन आवृत्त्या बंद केल्या. त्यामुळं बँक, पेमेंट, अॅडमिशनचे फॉर्म असलं काही त्याच्यावर करू नकोस, ते मोबाइलवर कर. पायथनची डॉक्युमेंटेशन एकदाच उतरवून ठेव, ऑफलाइन वाचता येते. आणि मामाला विचारल्याशिवाय डिस्क पुसू नकोस, जुन्या फोटोंचं एखादं फोल्डर असतंच.

प्रश्न : आमचं लक्ष्मीपुरीत होलसेलचं दुकान आहे. बिलिंगचा कॉम्प्युटर जुना झालाय, त्यावर हिशेबाचं टॅली आणि एक कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर आहे. लिनक्सनं फास्ट होईल का?
– एक व्यापारी, लक्ष्मीपुरी

उत्तर : साहेब, बिलिंगच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकू नका. टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही, जुगाड करून चालवता येतं असं कोणी म्हणालं तरी गिऱ्हाईक समोर उभं असताना जुगाड अडकला तर काय करणार? तुमचा प्रिंटर पण त्यातलाच, एलबीपी २९०० आपल्याकडं दुकानोदुकानी दिसतो पण लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर फार छळतो. एचपीचा लेझरजेट १०२० असता तर एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरनं चालला असता.

तुम्ही त्याच मशीनला एसएसडी घाला. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलेत, तेव्हा त्या कॉम्प्युटरवर मेल उघडायचं, कुणाचाही पेनड्राइव्ह लावायचं बंद करा आणि टॅलीचा बॅकअप रोज बाहेर घ्या, आणि जमेल तेव्हा विंडोज ११ चालेल असं मशीन घ्या. ते आलं की आत्ताचा कॉम्प्युटर मोकळा होईल, त्यावर मिंट टाकून गोडाऊनच्या पोरांना स्टॉकच्या शीट भरायला द्या. लिब्रेऑफिस कॅल्क एक्सेलच्या फाइल उघडतं, फक्त मॅक्रो लावलेल्या शीट असतील तर त्या आधी एकदा उघडून बघा.