काळोखातली लाल जीभ

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप आणि त्याला जोडलेले प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांचे सत्तावीस स्क्रीनशॉट मिळाले. सगळे वाचले, चष्मा पुसून दोनदा वाचले. खाली तू लिहिलंयस, ‘भाई, आमच्या प्रेक्षकांना रात्र बघायची सवयच नाही.’ हे वाक्य चाळीस वर्षांपूर्वी मीही म्हटलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. म्हणून लगेच उत्तर दिलं नाही. आठवडा जाऊ दिला, म्हटलं तुझा आणि माझा दोघांचाही राग निवू दे.

तू ज्या गुन्हेमालिकेच्या रंगाचं काम केलंस, म्हणजे चित्रीकरणानंतर प्रत्येक चौकटीचा उजेड आणि रंग ठरवलास, तिच्याबद्दल बहुतेकांचं म्हणणं एकच आहे, काही दिसत नाही. त्याखालोखाल, काही कळत नाही. तू या दोन तक्रारी वेगवेगळ्या ढिगांत टाकल्यास. पहिली तुझ्या खात्यावर, दुसरी लेखकाच्या. माझ्या मते ती एकच तक्रार आहे. पण आधी माझी फजिती ऐक.

उत्सवातल्या नाटकांना मी दिवे लावायचो ते दिवस. डिमर म्हणजे पिंपातलं मिठाचं पाणी आणि त्यात दोन पत्रे. वरचा पत्रा दोरीने खाली सोडला की दिवा उजळायचा, वर ओढला की मंद व्हायचा. तासाभरात पाणी तापून वाफा यायच्या आणि एखादा चटका बसल्याशिवाय प्रयोग संपायचा नाही. त्या वर्षी गावच्या मंडळाने रहस्यनाटक घेतलं होतं. दुसऱ्या अंकात खून. मी ठरवलं, हा खून असा करायचा की पंचक्रोशीत कुणी पाहिला नसेल. पत्रा पार वर ओढला. एका कोपऱ्यात निळसर धग तेवढी ठेवली. रंगमंचावर चार माणसं, एक किंकाळी, धप्प आवाज. मी विंगेत स्वतःवर खूश.

आणि पुढच्या रांगेतून एक पिवळा गोल रंगमंचावर आला. एक आजी, देवळापासून घरी जायच्या वाटेसाठी आणलेला टॉर्च, बसल्या जागेवरून तिने तो सरळ आमच्या खुनावर मारला. आधी खलनायकाच्या पायांवर, मग पडलेल्या माणसावर, मग परत खलनायकाच्या तोंडावर. आणि मंडपभर ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, ‘‘मेलो कोण तें तरी दिसूं दी रे!’’ मेलेला नट हसला. पोट हलताना सगळ्यांनी पाहिलं, टॉर्च होताच.

रात्री जेवताना मी पानावर बसून प्रेक्षकांच्या अकलेवर भाषण दिलं. आमचे दिग्दर्शक, वयाने मोठे, भाताचा घास घेत एवढंच म्हणाले, ‘‘तिने उजेड नाही मागितला.’’ मला ते तेव्हा टोमण्यासारखं लागलं. दुसऱ्या प्रयोगाला त्यांनी टेबलावर एक कंदील ठेवायला लावला, वात अगदी बारीक. बाकी काळोख होता तेवढाच. ज्याचा खून व्हायचा तो कंदिलाजवळ येऊन थांबायचा, हात पुढे करायचा, आणि काळोखातून दुसरा हात यायचा. कुणी टॉर्च काढला नाही. मारेकऱ्याचं तोंड पहिल्या रात्रीइतकंच अदृश्य होतं.

दशावतारी काल्यात, आपल्या त्या लोकनाट्यात, संकासुर बघितलायस ना? काळा वेष, काळा बुरखा, मागे रात्र. उजेडाच्या हिशेबात त्याच्याइतका चुकीचा वेष दुसरा नाही. पण त्या बुरख्यातून लाल जीभ लोंबते. पोरं तिच्यावरून नजर काढत नाहीत, ती हलली की घाबरतात आणि तो विनोद करायला लागला की हसतात. बाकीचा संकासुर कुणी नीट पाहिलेलाच नसतो आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नसते.

तर ‘दिसत नाही’ म्हणणाऱ्याला बहुधा ‘कुठे बघू ते कळत नाही’ असं म्हणायचं असतं. ‘कथा कळत नाही’ याचाही अर्थ तोच.

आता तुझी बाजू. ती खरी आहे, मी नाकारत नाही. तू अंधाऱ्या खोलीत, शंभर निट्सला (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) लावलेल्या मॉनिटरसमोर बसून रंग ठरवतेस. बघणारा कुठे बसतो? आमच्याकडे टीव्ही चौकीत, म्हणजे घरातल्या आतल्या ओसरीवर आहे, समोर राजांगण, वरून उघडं आभाळ. दुपारी चार वाजता त्या काचेवर तुळशीवृंदावन दिसतं, तुझा इन्स्पेक्टर दिसत नाही. शिवाय चित्र आठ बिटांचं असेल तर काळ्यापासून पूर्ण उजेडापर्यंत प्रत्येक रंगाच्या फार तर २५६ पायऱ्या, आणि काळोखी चौकट त्यातल्या तळाच्या मूठभर पायऱ्यांवरच उभी असते. मग स्ट्रीमिंगचं कॉम्प्रेशन, म्हणजे चित्राची माहिती दाबून लहान करणं. जिथे डोळ्याला फरक कळणार नाही असं त्याला वाटतं तिथली माहिती ते आधी टाकून देतं, म्हणजे नेमकी तुझी सावली. म्हणून भिंतीवर पट्टे उमटतात आणि काळोखाचे चौकोनी तुकडे पडतात. त्यावर घरातल्या कुणीतरी दुकानातून आणल्यापासून ‘व्हिव्हिड’वर ठेवलेला टीव्ही.

२०१९ साली ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधल्या रात्रीच्या लढाईच्या भागावर जगभर अशीच ओरड झाली होती. ती काही गुन्हेकथा नव्हे, पण दुखणं हेच. तिच्या छायाचित्रकाराने लोकांच्या टीव्हीच्या सेटिंगकडे आणि कॉम्प्रेशनकडे बोट दाखवलं. माणूस खोटं बोलत नव्हता. पण टॉर्च घेऊन बसलेल्या आजीला मिठाच्या पाण्याचं शास्त्र सांगून काय उपयोग? तू एवढंच कर: प्रत्येक भाग पक्का करण्याआधी एकदा दिवसाउजेडी, साध्या टीव्हीवर आणि एकदा फोनवर, ब्राइटनेस अर्धा ठेवून बघ. वाटलं तर कदंब बसमध्ये बघ, खिडकीच्या बाजूला बसून.

‘ट्रू डिटेक्टिव्ह’ या अमेरिकी मालिकेचा पहिला सीझन तू पाठ केलायस, मला माहीत आहे. २०१४, आठ भाग, सगळे एकाच दिग्दर्शकाचे, ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित. चौथ्या भागाच्या शेवटी तो सहा मिनिटांचा एकसंध शॉट आहे. रात्र, घरांच्या मधल्या गल्ल्या, कुंपणं, गोळीबार. उजेड नावालाच. तरी तिथे ‘काही दिसलं नाही’ असं म्हणणारा मला भेटलेला नाही. का? कॅमेरा एका माणसाला सोडत नाही म्हणून. तो वळला की आपण वळतो. त्या भागासाठी दिग्दर्शन आणि छायाचित्रण दोन्हींचा एमी, म्हणजे टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळाला तो लांबीसाठी असं लोक समजतात. मला विचारशील तर खरी करामत ही की सहा मिनिटांत एकदाही नजर हरवत नाही.

पण त्याच मालिकेच्या शेवटाची गंमत उलटी आहे. आधीच्या भागांत ‘पिवळा राजा’ येतो, चिन्हं येतात, काट्याकुट्यांचे सांगाडे येतात. लोकांनी १८९५ सालचं रॉबर्ट चेंबर्सचं ‘द किंग इन यलो’ हे पुस्तक उकरून काढलं, चौकटी थांबवून थांबवून मागची भित्तिचित्रं तपासली. ९ मार्चला शेवटचा भाग लागला तेव्हा एवढ्या लोकांनी एकदम उघडला की वाहिनीची ऑनलाइन सेवा बसली. आणि गुन्हेगार निघाला कोण, तर तिसऱ्या भागात शाळेबाहेर गवत कापत असलेला माणूस. (पाहिलं नसेल त्याच्यासाठी वाईट वाटतं, पण दहा वर्षांहून जास्त झाली, आता गुपित कसलं.) अनेक जण चिडले. मीही चिडलो होतो. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा कळलं की गोष्ट त्या दोन पोलिसांची होती आणि ती नीट पूर्ण झाली होती. मग माझा राग बनवणाऱ्यांवर का होता? लाल जीभ त्यांनीच लोंबकळवली होती म्हणून. इतक्या हौसेने एखाद्या जागी बघायला लावलंस तर ‘तिथे काही नव्हतंच’ असं मागाहून म्हणायचा हक्क उरत नाही. निदान निम्मा तरी जातो.

‘द किलिंग’चं उदाहरण तुझ्या लेखकाला सांग. मूळ डॅनिश मालिका २००७ ची, पहिल्या सीझनला वीस भाग, आणि विसाव्यात खुनी कळतो. अमेरिकेत २०११ साली तेरा भाग केले. जाहिरातीच एका प्रश्नाच्या, रोझी लार्सनला कुणी मारलं. तेरावा भाग संपला, उत्तर नाही, ते पुढच्या वर्षी. लोक असे उसळले की विचारू नकोस. उत्तर उशिरा दिल्याचा राग नव्हता तो. पानावर बसवून वाढपी निघून गेला, याचा होता.

उलट हिंदी ‘दृश्यम’ घे. सिनेमा आहे, मालिका नाही, पण आपल्याच गोव्याच्या भूमीवर घडवलाय, तेव्हा घरचा हक्क. बापाने दोन ऑक्टोबरचा बनाव कसा रचला ते प्रेक्षकासमोर विटेवर वीट ठेवून दाखवलं आहे. लपवलीय ती एकच गोष्ट. म्हणून अजून दर वर्षी दोन ऑक्टोबरला लोक पणजीतल्या सत्संगाचे विनोद एकमेकांना पाठवतात. सगळं लपवलं असतं तर सत्संग कुणाच्या लक्षात राहिला असता?

चार-पाच जणींनी विचारलंय की त्या मुलीचं प्रेत इतका वेळ, इतकं जवळून दाखवायची गरज होती का. त्यांना तू ‘नाजूक प्रेक्षक’ म्हटलंस. ते मला आवडलं नाही, स्पष्ट सांगतो. ‘दिल्ली क्राइम’ने अत्याचार पडद्यावर दाखवलाच नाही. तपास करणाऱ्यांचे चेहरे दाखवले, इस्पितळ दाखवलं. २०२० साली आंतरराष्ट्रीय एमी मिळाला तो त्या मालिकेला. तुझ्या तिसऱ्या भागात संपूर्ण घर काळोखात आहे, आणि एकमेव सुंदर, मऊ उजेड पडलाय तो त्या मुलीच्या उघड्या खांद्यावर. म्हणजे तुझी लाल जीभ तिथे आहे. हे तू मुद्दाम केलं नसशील. पण रंग तूच लावलास. त्या बायकांना नेमकं तेच दिसलं आणि तुला दिसलं नाही, एवढंच.

गोव्याबद्दलची कुरकुर मात्र हसण्यावारी ने, पण थोडी ऐकून घे. पणजीतल्या फोन्तेन्यसच्या गल्लीतून वळलेली मोटरसायकल पुढच्या क्षणी पर्राच्या माडांमधून जाते, आणि मधली मांडवी कुणी गिळली ते कळत नाही. बाहेरच्या प्रेक्षकाला काय त्याचं. आपल्या माणसाची मात्र नजर तिथे अडकते आणि पुढचे दोन संवाद कानावरून जातात. प्रत्येक प्रेत किनाऱ्यावरच का सापडतं हा माझाही जुना प्रश्न आहे. खाणीचे खंदक आहेत, खाजन शेतांच्या मानशी, म्हणजे पाण्याची दारं आहेत, पावसाळ्यातलं सत्तरीचं रान आहे. पण ते लेखकाला विचारेन, भेटला तर.

आता हे स्क्रीनशॉट पुन्हा वाच, माझ्या पद्धतीने. विशेषणं खोडून टाक. भिकार, अप्रतिम, रटाळ, जागतिक दर्जाचं, सगळी. ‘जागतिक दर्जाचं’ आधी खोड. मग क्रियापदं बघ. एकाने लिहिलंय, ‘मागे नेऊन परत पाहिलं.’ एकीने, ‘नवऱ्याला विचारलं हा कोण.’ एक जण म्हणतो, ‘ब्राइटनेस वाढवला.’ एक, ‘चहा करायला उठलो.’ माणसाचं मत त्याच्या मित्रांवर, त्या दिवशीच्या जेवणावर अवलंबून असतं. चहा करायला उठला ते मात्र एका ठरावीक मिनिटाला उठला. ते मिनिट शोध. तीन अनोळखी माणसं एकाच मिनिटाला उठली असतील तर तिथे टेबलावर कंदील नाही.

आणि ज्या नऊ जणांनी तुझ्या फेरीबोटीच्या प्रसंगाबद्दल लिहिलंय ते तू माझ्यापर्यंत पोचवताना एका ओळीत उरकलंस. काळं पाणी, काळं आभाळ, मधे फक्त धक्क्यावरचा एक बल्ब आणि त्याच्याभोवती पावसाळी किडे. तो बल्ब जवळ येतो तसा आपला श्वास वर जातो. हे तू केलंयस. मिठाच्या पाण्यात माझ्याकडून कधी झालं नाही.

तुझा चौथा भाग काल दुपारी चार वाजता, राजांगणाकडची दारं उघडी ठेवून, आम्ही दोघांनी बघितला. तुझ्या वहिनीने बावीसाव्या मिनिटाला विचारलं, ‘‘हो कोण?’’, म्हणजे हा कोण. मी सांगू शकलो नाही. एकतिसाव्याला ती चष्मा आणायला उठली आणि परत येईपर्यंत मी थांबवलं नाही, मुद्दाम. तिला पुढचं सगळं समजलं, म्हणजे मधलं दीड मिनिट काढता येईल. अशा सगळ्या वेळा एका कागदावर लिहून काढल्यात, कागद सोबत जोडतोय. अडतिसाव्या मिनिटाला वीज गेली ती रात्री आली, म्हणून पुढच्या वेळा त्यात नाहीत. मेला कोण ते आम्हाला अजून कळलेलं नाही. सांगू नकोस.

तुझा,
भाई